जुन्या चावीच्या कॅमेऱ्यात काय बदलावं आणि कशाला हात लावू नये

प्रश्न थोडक्यात असा: घरच्या जुन्या सामानात सोळा मिलिमीटर फिल्मचा बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स हा चावीचा सिने-कॅमेरा निघाला आहे. चावी दिली की चालतो, लेन्सही स्वच्छ दिसते. त्याला क्वार्ट्झवर चालणारी मोटर, सुपर १६ चं (जास्त रुंद चौकटीचं) गेट, व्हिडिओ टॅप (व्ह्यूफाइंडरमधलं चित्र पडद्यावर दाखवणारा छोटा कॅमेरा) आणि आजची बॅटरी बसवून आवाजासकट शूटिंग करायचं आहे. सगळं एकदमच करून घ्यावं की टप्प्याटप्प्याने? आणि कशात पैसे वाया जातील?

एकदम करू नका. चार बदल एका दमात केले आणि पहिलं रीळ धूसर आलं, तर चौघांपैकी चोर कोण हे शोधायला आणखी चार रिळं जातात. मी हे स्वतः भोगलंय.

कामाला लागण्याआधी कॅमेऱ्याचे मनातल्या मनात दोन भाग करा. एक भाग म्हणजे जिथे फिल्म थांबते, उजेड खाते आणि पुढे सरकते ती जागा: गेट (फिल्म थांबते ती चौकट), क्लॉ (फिल्म ओढणारा आकडा), प्रेशर प्लेट (फिल्म गेटवर दाबून धरणारी पट्टी), शटर, लेन्सची बैठक. बाकी सगळं म्हणजे त्या जागेला ताकद पुरवणारं आणि तिच्याकडे बघणारं सामान. या दुसऱ्या भागात हौसेने हवं ते करा, चुकलं तर काढून टाकता येतं. पहिल्या भागात पत्र्याचा एक कण गेला की गेला, तो परत चिकटवता येत नाही.

पहिलं काम पैशाचं नाही, रिळाचं आहे. कॅमेरा आहे तसा ठेवून शंभर फुटांचं एक ताजं रीळ चालवा. ताजं म्हणजे ताजं. कपाटात वीस वर्षं पडलेली फिल्म आकसलेली असते, ती गेटमध्ये थरथरली तर दोष कॅमेऱ्याचा की फिल्मचा हे कळत नाही. भरण्याआधी आतल्या स्प्रॉकेटचे, म्हणजे फिल्म पुढे नेणाऱ्या चाकाचे, दात बघा. आज मिळणारी सोळाची फिल्म बहुतेक एकाच बाजूला भोकं असलेली असते आणि जुन्या काळच्या काही कॅमेऱ्यांत स्प्रॉकेटला दोन्ही बाजूंना दात असतात. त्यात ही फिल्म घातली की बिनभोकांच्या कडेवर दात उमटतात आणि लूप, म्हणजे गेटजवळ सैल सोडलेला फिल्मचा वळसा, तुटतो. रिफ्लेक्स बोलेक्समध्ये हा त्रास सहसा नसतो, पण बघायला काय जातं? शटरचा छोटा दांडाही तपासा. या मॉडेलांत शटर हवं तेवढं मिटवता येतं, आणि कुणीतरी पूर्वी ते पूर्ण मिटवून ठेवलेलं असतं. अख्खं रीळ काळं निघण्याचं हे सगळ्यात मामुली कारण.

रिळावर काय घ्यायचं? भिंतीवर काळ्या कागदात पांढऱ्या रेघांची जाळी लावा, ट्रायपॉड घट्ट करा आणि दहा सेकंद घ्या. मग लेन्स झाकून फिल्म तेवढीच मागे घ्या. बोलेक्समध्ये ही सोय आहे. फक्त आधी कमान, म्हणजे चावीने भरली जाणारी स्प्रिंग, मोकळी करावी लागते. आता जाळी बोटभर सरकवून त्याच फिल्मवर पुन्हा घ्या. धुऊन आल्यावर दोन्ही जाळ्या एकमेकींच्या शेजारी दिसतील. त्या एकत्र हलत असतील तर स्कॅनर किंवा प्रोजेक्टर हलतोय. एक स्थिर राहून दुसरी तिच्याभोवती नाचत असेल तर क्लॉ किंवा प्रेशर प्लेट थकली आहे. ही तपासणी जितकी जुनी तितकीच निर्दय आहे, आणि ती केल्याशिवाय मी कुणाच्याही कॅमेऱ्यात स्क्रू ड्रायव्हर घालत नाही. उरलेल्या रिळात लेन्स पूर्ण उघडी ठेवून जवळ, मध्यम आणि लांब अशा अंतरांवर मोजपट्टीने फोकस लावून शॉट घ्या, आणि शेवटी चालू स्टॉपवॉचवर एक लांब शॉट, चावी संपेपर्यंत.

तो स्टॉपवॉचचा शॉट तुम्हाला मोटरची गरज स्वतःच पटवून देईल. पूर्ण चावी दिल्यावर हा कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमने जेमतेम अर्धा मिनिट चालतो. गव्हर्नर (वेग धरून ठेवणारा भाग) कितीही चांगला असला तरी तेल सुकलेलं असतं आणि कमान सैल होत जाते; वेग २४ वरून २३.५ वर आला तर डोळ्याला काही कळत नाही, पण संवाद असेल तर अर्ध्या मिनिटात बारा-पंधरा फ्रेमचा फरक पडतो. ओठ आणि शब्द वेगळे व्हायला त्याच्या एक चतुर्थांशही पुरतो.

तेव्हा या कॅमेऱ्यात खरोखर आजचं काही आणायचं असेल तर ते वेगाचं नियंत्रण. बाकी गोष्टी सोयीच्या आहेत, ही एक गोष्ट कॅमेऱ्याचा उपयोगच बदलते. म्हणून इथे जरा रेंगाळतो.

बोलेक्सच्या बाजूला एक दांडा बाहेर येतो. त्याचा एक फेरा म्हणजे आठ फ्रेम. नंतरच्या मॉडेलांत आणखी एक दांडा आहे, त्याचा एक फेरा म्हणजे एकच फ्रेम. आठ फ्रेमच्या दांड्यावर २४ फ्रेमसाठी मिनिटाला १८० फेरे लागतात, २५ साठी १८७.५. एका फ्रेमच्या दांड्यावर तेच अनुक्रमे १४४० आणि १५००. मला एका फ्रेमचा दांडा आवडतो, कारण आठाच्या दांड्यावरून जोर द्यायचा म्हणजे मोटरला आतल्या गिअरशी आठपट झटापट करावी लागते. तो नसेल तर आठाचा चालतो, पण मोटर गिअरबॉक्सवाली आणि दणकट घ्या.

मोटर जोडण्याआधी दोन गोष्टी विसरू नका. कमान पूर्ण उतरू द्या आणि मगच ती गिअरपासून सोडवा. आणि वेगाची तबकडी ६४ वर नेऊन ठेवा. तबकडी २४ वर राहिली तर गव्हर्नर ब्रेक लावणार आणि मोटर रेटणार. दोघांच्या भांडणात गिअर झिजणार.

आता खरी मेख. बहुतेक घरगुती प्रकल्पांत लोक मोटरला एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) लावतात, मायक्रोकंट्रोलरने (छोट्या संगणक-चिपने) वेग मोजतात, कमी-जास्त झाला की करंट वाढवतात-घटवतात, आणि पडद्यावर '२४.००' दिसलं की खूश होतात. पण वेग बरोबर असणं वेगळं आणि हिशेब बरोबर असणं वेगळं. वेगाच्या मोजमापात दरवेळी किंचित चूक राहते आणि ती एकाच बाजूची असेल तर साठत जाते. जणू दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला पाच पैसे जास्त परत देतोय. संध्याकाळी गल्ला जुळत नाही. म्हणून क्वार्ट्झच्या ठोक्यांची आणि मोटरच्या ठोक्यांची मोजणी शेजारी शेजारी ठेवायची आणि मोटरला वेग गाठायला नाही, तर मोजणी गाठायला लावायचं. एखाद्या जड फ्रेमला ती मागे पडली तर पुढच्या काही फ्रेममध्ये तिने उधारी फेडलीच पाहिजे. क्रिस्टल सिंक म्हणतात ते हे. तुमच्यासाठी मोटर बनवणाऱ्याला एवढंच विचारा: 'वेग धरता की फेज धरता?' (फेज म्हणजे हीच मोजणी.) उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा माणूस बघा.

दुसरा विचारायचा प्रश्न बोर्डाचा. अनेक स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर घड्याळासाठी क्वार्ट्झ नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. अर्धा टक्का म्हणजे एका मिनिटात ०.३ सेकंद, २५ च्या वेगाने सात-साडेसात फ्रेम. मग एवढा खटाटोप करून चावीच्याच पंगतीला बसलो की आपण! साधा ५० पीपीएमचा (दहा लाखांत पन्नास इतक्या चुकीचा) क्वार्ट्झ दहा मिनिटांत फार तर ०.०३ सेकंद चुकतो, म्हणजे एक फ्रेमसुद्धा नाही. फरक एका चिमुकल्या डबीचा आहे.

२४ की २३.९७६ हेही आधीच ठरवा. ध्वनी आणि एडिटिंगची टाइमलाइन ज्या आकड्यावर, त्याच आकड्यावर मोटर. या दोहोंत हजारात एकाचा फरक आहे, म्हणजे साधारण ४२ सेकंदांत एक फ्रेम. छोट्या शॉटला चालून जाईल, मुलाखतीला नाही. शंभर फुटांत चार हजार फ्रेम असतात, म्हणजे रीळ २४ च्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपतं. तरी मुलाखतीची रिळं एकामागे एक लावायला बसलात की हे नडतं.

विजेच्या दिव्यांचं गणितही मोटरच्या निमित्ताने सुटतं. ५० हर्ट्झच्या विजेवर जुने ट्यूब किंवा काही डिस्चार्ज दिवे सेकंदाला शंभरदा फुलतात. तुमचं शटर साधारण १३० अंशांचं आहे, २४ च्या वेगाने प्रत्येक फ्रेमला सुमारे १/६६ सेकंद उजेड मिळतो, म्हणजे दीड लाट. कुणाला दोन शिखरं मिळतात, कुणाला एकच. चित्र सेकंदाला चारदा लुकलुकतं. वेग २५ ठेवला की दर फ्रेमला नेमक्या चार लाटा येतात, प्रत्येक फ्रेम लाटेच्या त्याच जागी उघडते आणि लुकलुक जाते. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे तेच काम २४ ने होतं. चावीच्या कॅमेऱ्याला हा हिशेब पाळणं शक्यच नव्हतं.

मोटरमध्ये आणखी एक गोष्ट मी हट्टाने मागतो: करंटची मर्यादा. कमान दुबळी असते, तोच तिचा गुण. फिल्म आत अडकली तर ती मुकाट्याने थांबते. मोटर थांबत नाही. ती भोकं फाडते, फिल्मची पंख्यासारखी घडी करून चेंबर भरून टाकते आणि वर पडद्यावर २४.०० दाखवत राहते. तेव्हा अडथळा येताच वीज तोडणारी सोय हवी, आणि सुरुवातही झटक्याने नको, अर्ध्या सेकंदात चढत जाणारी हवी. दांड्याच्या जोडणीत मुद्दाम एक कमजोर प्लास्टिकचा तुकडा ठेवा. तुटायचं तर त्याने तुटावं.

एवढं करूनही कॅमेरा शांत होत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. घरघर क्लॉ आणि गिअरची आहे, कमानीची नव्हे. सिंक मिळेल, शांतता जाड गोधडीतूनच मिळवावी लागेल.

बॅटरीबद्दल थोडक्यात. जुन्या विजेच्या कॅमेऱ्यांत, म्हणजे बोल्यू किंवा कॅनन स्कूपिकसारख्यांत, निकेल-कॅडमियमचे सेल मेलेले असतात; त्याच मापाचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घातले की काम होतं, कारण दोन्हींचा व्होल्टेज सेलमागे १.२ असतो. लिथियम घालायची तर मध्ये व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर हवाच. दोन लिथियम सेल भरल्यावर ८.४ व्होल्ट देतात, सहा निकेल सेलचं नाव ७.२. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ट्रान्झिस्टरला हा फरक सोसेलच असं नाही. तुमच्या बोलेक्समध्ये जळण्यासारखं काही नाहीच, नवी मोटर येईल ती आपली बॅटरी घेऊन येईल.

लाइटमीटर आतला असेल तर त्याच्या मागे लागू नका. सेलेनियमचे मेलेले असतात. कॅडमियम सल्फाइडवाल्यांना १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही, १.५५ चा सिल्व्हर ऑक्साइड घालून मध्ये व्होल्टेज थोडा उतरवणारा शॉटकी डायोड टाकला की व्होल्टेज बराचसा जागेवर येतो. हातातला मीटर याहून बरा. तुमच्या कॅमेऱ्यात प्रिझम सुमारे पाव उजेड व्ह्यूफाइंडरकडे वळवतो, म्हणून २४ ला मीटरवर १/६६ नाही, १/८० च्या आसपास लावायचं.

आता सुपर १६. सगळ्यांना हेच हवं असतं आणि माझा सगळ्यात जास्त विरोध इथेच आहे.

कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. स्वीडनचे छायालेखक रुने एरिक्सन यांनी १९७० च्या सुमारास ती वापरात आणली: फिल्मच्या एका कडेला आवाजाच्या पट्ट्यासाठी सोडलेली जागा चित्रालाच द्यायची. साध्या सोळाची चौकट १०.२६ गुणिले ७.४९ मिमी, सुपरची १२.५२ गुणिले ७.४१. आजच्या १६:९ पडद्यासाठी दोन्ही कापून बघितलं तर सुपर १६ मध्ये जवळजवळ दीडपट फिल्म वापरली जाते. दाणा तेवढा बारीक दिसतो. मोह होणारच.

पण गेट रुंद करणं म्हणजे फक्त एक कड घासणं नव्हे. चित्र एकाच बाजूला वाढलं की चौकटीचा मध्य १ मिमीहून थोडा जास्त सरकतो, म्हणून लेन्सची बैठकही तेवढी सरकवावी लागते. तीन लेन्सच्या फिरत्या तबकडीत ते सोपं नाही. सरकवली नाही तर झूम करताना चित्र तिरकं पळतं आणि एका बाजूचे कोपरे काळवंडतात. व्ह्यूफाइंडरला वाढलेली पट्टी दिसत नाही. सी-माउंटच्या (या कॅमेऱ्यांच्या नेहमीच्या आट्यांच्या) अनेक रुंद लेन्स टाकतात ती चित्राची वर्तुळं तेवढी मोठी नसतात. आणि सगळ्यात वाईट गोष्ट: ज्या कडेवर आता चित्र आहे, त्याच कडेला धरून फिल्म सगळ्या रोलर, स्प्रॉकेट, लूप बनवणाऱ्या पट्ट्या आणि प्रेशर प्लेटवरून सरकत असते. त्या प्रत्येक ठिकाणी तेवढी पट्टी खोल करून मोकळी सोडली नाही, तर नव्याने मिळवलेल्या जागेवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओरखडा.

हा ओरखडा मी स्वतः काढलाय. क्रास्नोगोर्स्क-३ हा सोव्हिएत चावीचा कॅमेरा होता, स्वस्तात मिळालेला, म्हणून वाटलं शिकायला बरा. त्याच्या लूप बनवणाऱ्या पट्ट्या तशाही फिल्म खरवडण्यासाठी बदनाम आहेत. त्या काढल्या, तेवढं शहाणपण होतं. मग गेट बारीक कानशीने वाढवलं, पॉलिश केलं, भिंगाखाली बघितलं, आरशासारखं चकाकत होतं. रीळ धुऊन आलं तर उजव्या बाजूला केसासारखी एक सरळ रेघ, चार हजारच्या चार हजार फ्रेमवर. कानशीने धातूची कड आतल्या बाजूला दुमडली होती, डोळ्याला न दिसेल इतकी. तेव्हापासून कुठलंही गेट हाती आलं की मी कापसाचा पुंजका घेतो, चिमटीत धरून फिल्मच्या दिशेने हलकेच फिरवतो. एक तंतू जरी अडकला तरी तिथे खर, म्हणजे खरबरीत कड, आहे. भिंग खोटं बोलतं, कापूस बोलत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझा सल्ला: हा कॅमेरा साध्या सोळाचाच ठेवा. ४:३ ची चौकट जशी आहे तशी वापरा, किंवा शूटिंग करतानाच वर-खाली जागा सोडून १६:९ मध्ये कापा. सुपर १६ लागणारच असेल तर मुळातच त्यासाठी घडवलेला कॅमेरा भाड्याने घ्या. चांगल्या कारागिराने केलेलं रूपांतर उत्तम चालतं, मी पाहिलंय; पण त्यात गेटबरोबर बैठक, फिल्मचा मार्ग आणि शेवटी कलिमेटर या यंत्रावर फोकसची तपासणी हे सगळं धरलेलं असतं. 'फक्त गेट करून देतो' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

लेन्सबद्दल एक सावधगिरी, कारण इथे हमखास घोळ होतो. साध्या सी-माउंटमध्ये बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर १७.५२६ मिमी. तुमच्या रिफ्लेक्समध्ये मध्ये काचेचा प्रिझम आहे, म्हणून त्याच्यासाठी आरएक्स खुणेच्या वेगळ्या लेन्स बनवल्या गेल्या. आटे तेच असल्यामुळे कुठलीही लेन्स कुठेही बसते, आणि चित्र मऊ येतं. ५० मिमीहून कमी फोकल लेंथच्या लेन्सवर ही खूण आहे का ते आधी बघा. नसेल तर निदान डायफ्राम बराच मिटवून वापरा.

व्हिडिओ टॅप जरूर करा. हा कॅमेरा त्यासाठी नकळत सोयीचा आहे: आरशाच्या शटरवाल्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर सेकंदाला २४ वेळा मिटतो-उघडतो, इथे प्रिझम सतत उजेड देतो, म्हणून चित्र लुकलुकत नाही. आयपीसच्या (डोळा लावतो त्या काचेच्या) मागे छोटा कॅमेरा बोर्ड, मध्ये जवळून फोकस होणारी लेन्स आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेली एक नळी, एवढं पुरतं. लेन्स मिटवल्यावर डोळ्याला जो अंधार दिसतो तो सेन्सर बराच उजळ करून दाखवतो. पण तोच प्रिझम उलट वाटही देतो. आयपीसमधून आत गेलेला उजेड फिल्मपर्यंत पोहोचू शकतो. माझ्या पहिल्या टॅपच्या बोर्डावर एक हिरवा दिवा होता, चालू आहे हे दाखवणारा. चालू होता, हे फिल्मनेही दाखवलं. काळ्या टेपचा तुकडा लावा आणि नळीच्या भिंती जाड छापा. पातळ काळं प्लास्टिक काळं दिसतं, अपारदर्शक असतंच असं नाही. पीएलए हे छपाईचं प्लास्टिक वापरत असाल तर कॅमेरा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं.

फिल्मच्या जागी डिजिटल सेन्सर बसवायचं विचारलं नाहीत, पण पुढे मनात येईलच. सेन्सरवर काच असते, त्यामुळे तो गेटमध्ये नेमक्या फिल्मच्या पातळीवर टेकत नाही, आणि फिरतं शटर व सेन्सरची ओळीओळीने वाचण्याची पद्धत जुळली नाही तर चित्रात पट्टे येतात. फिल्मभोवती नवे इलेक्ट्रॉनिक्स रचणंही वाटतं तितकं सोपं नसतं: कोडॅकने छोट्या स्क्रीनचा नवा सुपर ८ कॅमेरा २०१६ च्या जानेवारीत दाखवला आणि तो विक्रीला यायला २०२३ उजाडलं. तेव्हा मोटरवाला म्हणाला 'महिन्यात देतो', तर तीन धरून चाला.

तेलपाण्याचं शेवटी सांगतोय, पण ते चाचणी रिळानंतर आणि मोटरच्या आधी करायचं. सुकलेलं ग्रीस काढून हलकं यंत्रतेल थेंबाथेंबाने, गेटपासून दूर. कमानीची डबी मात्र उघडू नका. भरलेली कमान सुटली तर बोटं जातात. आणि मोटर येईपर्यंत कॅमेरा कपाटात ठेवणार असाल तर आजच लेन्स झाकून बटण दाबा, कमान पूर्ण उतरू द्या, मग ठेवा.